शोमरोनी बाई

१९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला दोन डॉक्टर आले. नवरा-बायको. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे अमेरिकेत जाऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतलेले. एवढी शिदोरी घेऊन आलेल्या माणसांनी आधी पाटी लावावी, पुढाऱ्याच्या हस्ते फीत कापून घ्यावी, ही आपली रीत. डॉ. रजनीकांत आरोळे यांनी संध्याकाळच्या वेळी गावागावांत व्हॉलीबॉल खेळायला सुरुवात केली.

व्हॉलीबॉलला एका बाजूला सहा गडी लागतात. एकाच आळीतली पोरं पुरत नाहीत, मग दुसऱ्या आळीतली बोलवावी लागतात. चेंडूला विटाळ नसतो. खेळ संपला की तिथंच मातीत बसून गप्पा व्हायच्या आणि त्या गप्पांतून पुढे गावोगावची शेतकरी मंडळं उभी राहिली. डॉक्टर विचारायचे, गावाला काय हवंय? दवाखाना हवा असं कुणी म्हणत नव्हतं. पाणी हवं होतं, पोटाला हवं होतं. इतकं शिकून आलेल्या माणसाला हे उत्तर पचवणं सोपं नाही. आरोळे दांपत्याने ते पचवलं आणि काम तिथून सुरू केलं. दवाखाना जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत थाटला, पण डोकं मात्र विहिरी, बांध आणि पोरांच्या जेवणात घातलं.

जामखेड निवडतानाही त्यांची अट होती. गरज असेल तिथं जायचं, पण लोकांनी बोलावलं तर. या दुसऱ्या अटीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. मला मात्र तीच महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती सेवेवर आपल्याकडे भक्तिभावाने लिहिलं जातं किंवा संशयाने. बोलावणं आलं होतं का, आणि नको म्हणायची सोय होती का, हे दोन साधे प्रश्न भक्त विचारत नाहीत आणि संशयीही विचारत नाहीत.

*

ख्रिस्ती मंडळीत करुणेचा विषय निघाला की चांगल्या शोमरोन्याची गोष्ट निघतेच. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ती आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारूंनी मारून, कपडे काढून टाकून दिलंय. याजक येतो, पाहतो, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून जातो. लेवी येतो, तोही तसाच जातो. मग शोमरोनी येतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, रात्रभर सेवा करतो, सकाळी मालकाला दोन नाणी देतो आणि सांगतो, जास्त खर्च झाला तर परतताना चुकता करीन.

लहानपणी ही गोष्ट आपण परोपकाराचा धडा म्हणून ऐकतो. येशू ती ज्यांना सांगत होता, त्यांना ती चांगलीच झोंबली असणार. त्यांच्या लेखी शोमरोनी म्हणजे बाटलेला, ज्याच्या भांड्यातलं पाणी प्यायचं नाही असा माणूस. सोवळ्यातल्याने ओवळ्याला उचललं अशी ही गोष्ट नाही. इथं ज्याला ओवळं ठरवलं तोच उचलणारा आहे आणि पडलेल्याला त्याच्या हातून औषध घ्यावं लागतं.

चर्चने शतकानुशतकं ही गोष्ट उलटी वापरली, असं माझं मत आहे. परदेशी साहेब म्हणजे शोमरोनी आणि काळा, उपाशी माणूस म्हणजे वाटेवर पडलेला. दात्याचा हात कायम वर. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हापासून मराठी मुलखात मिशनने शाळा काढल्या, दवाखाने काढले, दुष्काळात अन्नछत्रं चालवली. त्यातलं किती खरं आणि किती दिखाऊ हे ठरवायला मी एकच माप धरतो. वाटेवर पडलेला माणूस नंतर उठला का, आणि उठून दुसऱ्याला उचलायच्या जागी पोचला का?

*

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने जाणारी गाडी केडगावला थांबते. या स्टेशनावर उतरणाऱ्यांत दोन तऱ्हेचे प्रवासी असतात. काहींना नारायण महाराजांच्या बेटावर दत्तदर्शनाला जायचं असतं, काहींना मुक्ती मिशनमध्ये. रिक्षावाले दोन्हीकडे सारख्याच उत्साहाने बोलावतात. पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या या मिशनचं आवार प्रशस्त आहे, झाडी जुनी, चर्चची इमारत दगडी आणि गावाच्या मानाने अवाढव्य. निराधार बायका, मुली, अंध, अपंग, म्हाताऱ्या अशांना इथं आजही आसरा मिळतो.

पंडिता रमाबाईंचं चरित्र मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १८५८ चा जन्म, अनंतशास्त्री डोंगऱ्यांची लेक, पुराणं सांगत देशभर पायपीट, १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि ती उरली. उपाशीपोटी मैलोन्‌मैल चाललेली ही बाई पुढे कलकत्त्यात पंडितांच्या सभेत ‘सरस्वती’ ठरली. तिच्या करुणेची मुळं त्या पायपिटीत आहेत. भूक तिने पुस्तकातून ओळखलेली नव्हती.

१८८३ मध्ये ती इंग्लंडला गेली आणि त्याच वर्षी तिने बाप्तिस्मा घेतला. का घेतला, याची कारणं तिने नंतर आपल्या साक्षीत दिली आहेत. त्यातलं एक लंडनच्या फुलम भागातलं. वाँटेजच्या सिस्टर्सचं तिथं एक घर होतं. समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवून टाकून दिलेल्या बायका तिथं राहत. सिस्टर्स त्यांच्याशी ज्या आदराने वागत होत्या ते पाहून रमाबाई चकित झाली. अशा बाईचं काय करायचं, याची तिला माहीत असलेली उत्तरं दंडाची आणि हाकलून देण्याची होती. तुम्ही हे कशासाठी करता, असं तिने विचारलं. तेव्हा एका सिस्टरने तिला योहानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट सांगितली. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू.

इथं येशू तिच्याकडे मागतो. आधी द्यायला जात नाही. ती बाई चमकते, तुम्ही माझ्या हातचं पाणी कसं पिता म्हणून. या प्रसंगाचा रमाबाईवर किती परिणाम झाला असेल, याचा अंदाज केडगावच्या कृपा सदनावरून येतो. मुक्तीच्या आवारात तिने फुलमसारखंच घर त्याच तऱ्हेच्या बायकांसाठी उभं केलं. मराठी मुलखात अशा बायकांसाठी सन्मानाने राहायची जागा त्या काळी औषधालाही मिळत नव्हती.

ही बाई कुणाच्या उपकाराखाली मान वाकवणारीही नव्हती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन तिच्या आध्यात्मिक आई. त्यांनीच तिला आसरा दिला, शिकवलं. पण अमुक मान, तमुक म्हण, असा आग्रह सुरू झाला तेव्हा रमाबाईने पत्रांवर पत्रं लिहून त्यांच्याशी वाद घातला. क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्येच का, माझ्या संस्कृतमध्ये का नकोत, इथपर्यंत. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली करायची नाही, हा तिचा बाणा होता. ज्यांच्या घरी आपण जेवतो त्यांना नाही म्हणणं किती कठीण असतं, हे आपल्यातल्या आश्रितांना माहीत आहे. तिने ते म्हटलं.

१८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत रमाबाईचं विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं, पुढल्या वर्षी ते पुण्याला आलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. विधवांना आपापला आचार पाळायची मुभा, शाकाहारी स्वयंपाक, धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, असा करार होता. रानडे, भांडारकर अशी मंडळी सल्लागार होती. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि पुढे ती बाया कर्वे म्हणून ओळखली गेली. ती ख्रिस्ती झाली नाही. उलट हिंदू विधवांच्या आश्रमासाठी तिने वर्षानुवर्षं वर्गणी गोळा केली. माझ्या मापाने शारदा सदनाचं याहून मोठं यश नाही.

पण त्याच १८९३ मध्ये गदारोळही झाला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायची, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. दार लाव, असा सल्लागारांचा आग्रह होता. माझी प्रार्थना मी लपवून का करू, हे तिचं म्हणणं. मुलींवर दाराआडून दबाव येतो, हे पुणेकरांचं म्हणणं. ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. आज सव्वाशे वर्षांनी वाचताना दोन्ही बाजूंना थोडं खरं दिसतं. स्वतःच्या घरात उघड प्रार्थना करायचा हक्क तिला होताच. आणि जिला परत जायला घर नाही, जिचं जेवण, अंथरूण, शाळा सगळं एका बाईच्या हातात आहे, अशा बारा वर्षांच्या विधवेला त्या उघड्या दाराकडे पाठ फिरवणं सोपं नव्हतं. कुणी ढकललं नाही हे खरं, तरी चढण एका बाजूलाच होती. सिस्टर जेराल्डीनना बाणेदार उत्तरं देणाऱ्या रमाबाईच्या हे ध्यानात यायला हवं होतं, असं मला वाटतं. तिच्या बाजूने एक सांगितलं पाहिजे. टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी त्या विधवेला ताट नव्हतं.

१८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेली. तिला तिथं आपलीच भावंडं दिसली असावीत. बैलगाडीने, रेल्वेने ती मुली घेऊन आली. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उठल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना अन्न, एवढ्यांच्या डोक्यातल्या उवा, खरूज, देवी, ताप. करुणा हा शब्द ऐकताना आपल्याला मेणबत्ती दिसते. तिथं मात्र रोज सकाळी कढया चढत होत्या आणि दुपारी केस कापले जात होते.

आणि हे सगळं केलं कुणी? परदेशी मदतनीस होत्या, पण हात मुख्यतः त्या मुलींचेच. आदल्या दुष्काळात आलेल्या मुली नव्याने आलेल्या मुलींना न्हाऊ घालत. शेत त्यांनी कसलं, विणकाम त्यांनी केलं, रमाबाईच्या लेकीने, मनोरमेने, ब्रेल शिकून अंध मुलींना शिकवलं. छापखाना बायकांनी चालवला. रमाबाईने मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, ते याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. उपाशी मरायला टाकलेली पोर दहा-पंधरा वर्षांनी छापखान्यात शिशाची अक्षरं उलटी वाचते. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेली, तेव्हा भाषांतराचं काम नुकतंच हातावेगळं झालेलं होतं.

*

आता आमिषाचं. हा विषय टाळून या लेखाला पुढे जाता येणार नाही.

नगर भागात दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांच्या पणतवंडांना आजही टोमणा ऐकावा लागतो, तुमचा आजा मिलोवर झाला म्हणून. मिलो म्हणजे मदतीतली लाल ज्वारी. ती आली १९७२ च्या दुष्काळात, म्हणजे पणजोबांनंतर कित्येक दशकांनी, पण टोमण्याला इतिहासाशी देणंघेणं नसतं. उपाशी माणसाने घास देणाऱ्याचा देव स्वीकारला यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या देवळाच्या पायरीवर उभं राहता येत नव्हतं, त्या देवळाशी इमान राखायची अपेक्षा कुणी करावी? पण घास देणाऱ्याने मात्र त्या क्षणी देवाची गोष्ट काढू नये. हे त्या काळच्या मिशनऱ्यांनाही कळत होतं. भुकेच्या वेळचा बाप्तिस्मा द्यावा की थांबावं, यावर त्यांच्यातच वाद होते.

कायद्याकडे पाहिलं तर आमिषाचा आरोप आणखी विचित्र दिसतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे सवलती आधी मुख्यतः हिंदू दलितांना होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. म्हणजे स्वतंत्र भारतात मातंग किंवा महार कुटुंबाने उघडपणे ख्रिस्ती व्हायचं तर शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ यांवर पाणी सोडावं लागतं. सौदा म्हणून पाहिला तर हा आतबट्ट्याचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने या प्रश्नावर न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

पण ख्रिस्ती समाजाला इथं हात झटकता येणार नाहीत. ज्यांना बंधू म्हणून पोटाशी धरलं त्यांच्यात चर्चमध्येही पूर्वाश्रमीच्या जाती राहिल्या. सोयरीक जमवताना त्या आजही आठवतात. पाळकाने व्यासपीठावरून शोमरोन्याची गोष्ट सांगावी आणि खाली बसलेल्यांनी मनातल्या मनात आडनावं जुळवावीत, हे चित्र नगर, सोलापूर, कोल्हापूर कुठलंही असू शकतं.

आश्रितपणाचा हा पेच नारायण वामन टिळकांनी फार लवकर ओळखला होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मिशनच्या पगारावर बावीस वर्षं काढली आणि १९१७ मध्ये ती नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत अशी कल्पना. मिशन म्हणजे मायबाप आणि आपण लेकरं, हे नातं ख्रिस्ती माणसाला कायम रांगतं ठेवतं, हे त्यांचं दुखणं होतं. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार फुलला नाही. लक्ष्मीबाईंचं उदाहरण मात्र मला नवऱ्याच्या प्रयोगापेक्षा बोलकं वाटतं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी सोवळं सांभाळलं, आणि सगळं आपल्या गतीने, आपल्या डोक्याने सोडलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे की टिळकांसारख्या उतावळ्या माणसाने त्या बाबतीत तरी बायकोला वेळ दिला.

*

मिरजेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथली गोष्ट अनेकांनी लिहिलेली आहे. विल्यम वान्लेस हा कॅनडातला डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८९४ मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातून बैलगाड्या भरभरून रुग्ण यायचे. वान्लेसनी शस्त्रक्रियेत नाव काढलं, त्याचबरोबर इथल्या तरुणांना वैद्यकाचं शिक्षण दिलं, आणि मिरज हे डॉक्टरांचं गाव झालं ते त्यातूनच. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. आज महाराष्ट्रातली जुनी मिशन हॉस्पिटलं पैशाच्या ओढाताणीत आहेत. परदेशी देणग्या आटल्या, समोर चकचकीत खासगी रुग्णालयं उभी राहिली. फुकट किंवा स्वस्त उपचार हीच ज्यांची ओळख होती त्यांना ती टिकवणं जड जातंय. श्रद्धेने दवाखाना सुरू करता येतो, पण ऑक्सिजनचं बिल श्रद्धेवर भागत नाही.

*

नगरहून जामखेडला जाताना कडा आणि आष्टी लागते, म्हणजे मध्येच बीड जिल्हा येऊन जातो. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना उघडी रानं आणि ऊसतोडीहून परतलेल्या टोळ्या. जामखेड तालुक्यातच अहिल्याबाई होळकरांचं चौंडी आहे आणि मराठे-निजाम लढाईचं खर्डाही आहे.

आरोळे दोघंही ख्रिस्ती घरातले. रजनीकांत राहुरीचे, शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव. मेबल जबलपूरच्या. खेड्यातल्या गरिबांसाठीच आयुष्य घालवायचं, असं दोघांनी लग्नाच्या वेळीच ठरवलेलं. आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथं रोज तेच आजार आणि तीच माणसं. जुलाबाचं पोर बरं करून घरी पाठवायचं आणि महिन्याने ते पुन्हा यायचं, कधी यायचंच नाही. दवाखान्यात बसून हे थांबणार नाही, हे कळल्यावर ते जामखेडला आले. १९७१ मध्ये या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावांत पाठवल्या. नर्सना गाव नको होतं आणि गावाला नर्स आपली वाटत नव्हती. मग गावातल्याच बाया निवडायचं ठरलं. गावाने निवडायच्या. निवडल्या गेल्या त्या बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, कुणी नवऱ्याने टाकलेल्या, कुणी विधवा. आठवड्यातून दोन दिवस त्या जामखेडला मुक्कामाला येऊ लागल्या. पहिल्या रात्री जातीप्रमाणे कोपरे धरले गेले असणार, हे सांगायला नको. आरोळ्यांनी भाषण दिलं नाही. पांघरुणं एकमेकांना शिवून एक भलंमोठं पांघरूण केलं आणि सगळ्यांना तेच दिलं. थंडीत एक तर सगळ्यांनी त्यात शिरायचं नाहीतर कुडकुडायचं. सामाजिक समतेवर मी बरंच वाचलंय. या पांघरुणाइतकं पटणारं काही त्यात आढळलं नाही.

पाण्याचीही गोष्ट तशीच. दुष्काळात कूपनलिका खणायच्या होत्या. जागा दाखवायला आलेल्या भूजलाच्या जाणकाराला आरोळ्यांनी आधीच सांगून ठेवलं, पाणी दलित वस्तीतच शोधा. पाणी तिथं लागलं, पंप तिथं बसला. मग बाकीच्या गावाला घागर घेऊन तिकडे जावं लागलं. विहिरीवरच्या त्या जुन्या गोष्टीत येशूला जे पाणी मागावं लागलं होतं, ते इथं अख्ख्या गावाने मागितलं. यात थोडी चलाखी आहे हे मान्य. काही जण म्हणतील, ही फसवणूक. मला ती मंजूर आहे.

या बाया काय शिकल्या? पोराचं वजन घ्यायला, जुलाबात मीठ-साखर-पाणी पाजायला, बाळंतपणाच्या आधी हात साबणाने धुवायला, नाळ स्वच्छ पात्याने कापायला. त्यांच्या पिशवीत साबण, पातं, दोरा, कापसाचा पुडका एवढा ऐवज. क्षयरोगाचा खोकला ओळखायला आणि महारोगाचा चट्टा पाहायला त्या शिकल्या. महारोग्यांसाठी वेगळी वसाहत जामखेडने काढली नाही. ते बाकीच्या रुग्णांबरोबरच रांगेत बसत.

आणि मग ती वेळ आली. रात्री-अपरात्री वाड्यावरची लेक अडली. जिला ओसरीवर येऊ देत नव्हते, तिला आतल्या खोलीत बोलवावं लागलं. एकदा नाही, गावोगावी. पोर जन्मलं, रडलं, जगलं. दुसऱ्या दिवशी त्या घरात तिला चहाचा कप वेगळा ठेवला असेल किंवा नसेल. काही घरांत बरीच वर्षं तो वेगळाच राहिला. पण पुढल्या बाळंतपणालाही बोलावणं तिलाच आलं. लूकच्या गोष्टीतला शोमरोनी या खेड्यात असा अवतरला होता, नऊवारी नेसून, हातात पिशवी घेऊन. आणि पडलेला होता तो गावचा मानकरी.

या बायांपैकी बहुतेक हिंदू होत्या, काही बौद्ध, आणि तशाच राहिल्या. आरोळ्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि कुणाच्या गळ्यात घातली नाही. ख्रिस्ताकडून आपण हे घेतलं, असं ते सांगत. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला, १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. वीसेक वर्षांत या गावांतला बालमृत्यूचा आकडा पंचविशीच्या आसपास आला.

मुक्ताबाई पोळ या अशाच एक आरोग्यसेविका. वॉशिंग्टनला आरोग्यविषयक परिषदेत त्यांना बोलायला बोलावलं होतं. सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की हे झुंबर सुंदर आहे, महाग आहे, डॉक्टर तसे आहेत. मग त्यांनी छोटासा दिवा काढून त्याने दुसरा दिवा लावून दाखवला. झुंबराला ते जमत नाही. सभा उठून उभी राहिली, असं सांगतात. उपमा गोड आहे म्हणून ती सगळीकडे फिरली. मला तिच्यातला दुसरा भाग आवडतो. ज्यांनी तिला घडवलं त्या डॉक्टरांनाच झुंबर म्हणायची तिची छाती होती.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. पुढची पिढी काम सांभाळते. देशोदेशींचे आरोग्य कर्मचारी जामखेडला शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत या गावच्या बाया असतात.

२००५ मध्ये सरकारने ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ नेमायला सुरुवात केली. गावातलीच बाई गावाच्या आरोग्यासाठी, ही कल्पना जामखेडसारख्या प्रयोगांची लेक आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन. करुणेचं एक संकट असं, की ती बाईकडून फुकटच मिळणार हे आपण गृहीत धरतो. लूकच्या गोष्टीत उतारशाळेचा मालकही आहे. चर्चमधल्या प्रवचनात तो फारसा येत नाही. शोमरोनी आपल्या वाटेने निघून गेल्यावर पडलेल्या माणसाची सेवा त्यानेच केली आणि त्याचे पैसे आगाऊ दिलेले होते, वर जे लागेल त्याची हमी होती. २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशा मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसल्या होत्या. कबूल केलेल्या मानधनवाढीचा शासन निर्णय काढा, एवढीच त्यांची मागणी होती.